ध्रुवपद सापडलं, आता कडव्याला कॉर्ड कुठल्या?

नव्यानं गाणी करणाऱ्या बहुतेकांना आधी ध्रुवपद सुचतं. गिटार मांडीवर असते, चार कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ) गोल फिरत असतात, त्यावर एखादी ओळ अलगद बसते. दोनदा म्हणून बघितली की गोड वाटते. मग कडव्यापाशी गाडी अडते. शब्द कसेबसे जमतात, पण कॉर्ड? त्याच चार वाजवल्या तर गाणं जागच्या जागी घुटमळतं, आणि वेगळ्याच घेतल्या तर दोन गाण्यांचे तुकडे शिवल्यासारखं वाटतं.

माझ्या सुरुवातीच्या एका गाण्यात मी कडव्याला नऊ कॉर्ड घातल्या होत्या. ध्रुवपद साध्या चार कॉर्डचं होतं, त्याची मला थोडी लाजच वाटायची, म्हणून सगळी हुशारी कडव्यात ओतली. एका मित्राला पूर्ण गाणं ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "यात ध्रुवपद कुठलं होतं?" मी दोनदा गाऊन दाखवलं होतं! पण त्याचंही बरोबर होतं. कडव्यात इतकी धावपळ होती की ध्रुवपद आलं तेव्हा त्याला ते विश्रांतीसारखं वाटलं. पुढे त्या नऊमधल्या पाच कॉर्ड काढल्या, ध्रुवपदाला हातही लावला नाही, आणि तेच ध्रुवपद उठून दिसायला लागलं.

तेव्हापासून मी कडव्याच्या कॉर्ड उलट्या बाजूनं शोधतो. आधी बघतो, ध्रुवपद काय खर्च करतंय. जे तिथं खर्च होणार आहे ते कडव्यात हात आखडून वापरायचं. मग कडव्याची शेवटची कॉर्ड ठरवायची, मग पहिली, आणि मधलं सगळ्यात शेवटी. खाली हीच वाट एका गाण्यावर चालून दाखवतो.

आधी भाषा एक करून घेऊ

कोरस म्हणजे ध्रुवपद किंवा मुखडा, आणि व्हर्स म्हणजे कडवं किंवा अंतरा, असं मी धरतोय. सा म्हणजे सी, हार्मोनियमवरची पांढरी एक. सी मेजर स्केलमधून सहा कामाच्या कॉर्ड निघतात. त्यांतले स्वर असे:

१. सी: सा ग प
२. डी मायनर: रे म ध
३. ई मायनर: ग प नी
४. एफ: म ध सा
५. जी: प नी रे
६. ए मायनर: ध सा ग

सातवी बी डिमिनिश्ड, नी रे म. ती सध्या बाजूला राहू दे.

हे आकडे पाठ करा. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओंमधले वादक १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून कॉर्ड अशाच आकड्यांत लिहितात. गायकानं आयत्या वेळी पट्टी बदलली तरी कागद बदलावा लागत नाही, एवढाच त्यामागचा व्यवहार. १-५-६-४ म्हणजे सीमध्ये सी-जी-ए मायनर-एफ. जीमध्ये तेच जी-डी-ई मायनर-सी. सीमधली एफ ही बोटं आडवी दाबून धरायची कॉर्ड ज्यांना छळते त्यांनी खालचं सगळं जीमध्ये वाजवावं. तिथल्या सहा कॉर्ड जी, ए मायनर, बी मायनर, सी, डी, ई मायनर. त्यांत बी मायनर एकटीच अवघड, आणि आपल्या उदाहरणात ती येणारच नाही. आवाजाला सी पट्टी हवी असेल तर गिटारच्या मानेवरच्या पाचव्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, बोटं जीचीच राहतील.

दुसरी गोष्ट कॉर्डच्या कामाची. जर्मन संगीतशास्त्रज्ञ ह्यूगो रीमान यांनी १८९३ साली मांडलं की कॉर्ड कितीही असल्या तरी त्यांची कामं तीनच. आपल्या शब्दांत सांगायचं तर घरी असणं, घरातून निघणं आणि घराची ओढ लागणं. सी म्हणजे घर. ए मायनरचे दोन स्वर सीशी जुळतात, म्हणून ते घराचं अंगण. एफ आणि डी मायनर निघालेल्या वाटेवर. जी म्हणजे ओढ, कारण तिच्यातला नी साच्या अगदी उंबऱ्यात उभा असतो, अर्ध्या स्वरावर. ई मायनर दोन्हीकडची. तिचे ग-प घराचे आणि प-नी ओढीचे, त्यामुळे आजूबाजूला काय वाजतंय त्यावर तिचा स्वभाव ठरतो.

ध्रुवपदाचा हिशोब मांडा

आपलं ध्रुवपद असं आहे:

परत ये, परत ये,
दिवा अजून जळतो आहे

कॉर्ड सी-जी-ए मायनर-एफ, प्रत्येकी चार मात्रा. पहिला "ये" वरच्या सावर, दुसरा नीवर, "अजून" धवर थांबतं आणि "आहे" मवर. म्हणजे चाल वरच्या सापासून खाली उतरत येते. "परत" हा शब्द समेच्या आधी येतो, प-प-प असा, आणि "ये" बरोबर समेवर पडतो.

आता कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. पहिली कॉर्ड कुठली? सी, म्हणजे थेट घर. कॉर्ड किती वेळानं बदलते? दर चार मात्रांनी. सगळ्यात वरचा स्वर कुठला? तार सप्तकातला सा. आणि कुठली कॉर्ड कुठल्या कॉर्डकडे जाते?

हा चौथा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि खरी मेख तिथंच असते. या ध्रुवपदात जी आहे, सी पण आहे. पण जीनंतर सी येतच नाही! जी जाते ए मायनरकडे, आणि सीवर आपण परततो ते एफकडून. ओढीनंतर लगेच घर ही सगळ्यात जोरकस चाल ध्रुवपदानं वापरलेलीच नाही. ती कोरी पडली आहे. ती कुठं वापरायची ते आता सांगायलाच नको.

दार: कडव्याची शेवटची कॉर्ड

कडव्याची शेवटची कॉर्ड ही ध्रुवपदाची पहिली कॉर्ड आत येण्याचं दार आहे. कडव्यातल्या इतर कॉर्ड थोड्या डळमळीत असल्या तरी चालून जातं. दार मात्र पक्कं हवं.

आपलं ध्रुवपद सीवर सुरू होतं, म्हणून दारात जी. कडवं जीवर थांबलं की कानाला सी हवाहवासा होतो, आणि "ये"वर तो मिळतो. शिवाय "परत"चा प हा स्वर जीमध्येही आहे आणि सीमध्येही. म्हणजे समेआधीचे तीन प जीवर म्हणायचे आणि त्याच पवरून वरच्या सावर उडी घ्यायची. गाणाऱ्याला सूर शोधावा लागत नाही.

जी सरळ नको असेल तर शेवटच्या चार मात्रांत पहिल्या दोनला जी सस फोर घ्या, म्हणजे नीच्या जागी सा. मग नी येऊ द्या. ओढ दोन मात्रा उशिरा लागते, पण जास्त लागते. किंवा मंद्रातल्या स्वरांचा जिना करा: प, ध, नी आणि समेला सा. गिटारवर सहाव्या तारेची तिसरी पट्टी, पाचवी तार मोकळी, तिची दुसरी पट्टी, आणि तिसऱ्या पट्टीवर सी. ही युक्ती जुनी आहे, सगळ्यांनी ऐकलेली आहे, तरी दर वेळी लागू पडते.

याहून मवाळ दारंही आहेत. एफवरून सीवर आलात तर ढकलल्यासारखं वाटत नाही, अलगद उतरल्यासारखं वाटतं. पण आपलं ध्रुवपद स्वतःच एफवरून सीवर फिरतंय, त्यामुळे इथं ते दार वाया जाईल. एफऐवजी एफ मायनर घेतली तर तिच्यातला कोमल ध खाली पवर येऊन टेकतो आणि गळा दाटून आल्यासारखा परिणाम होतो. सुंदर आहे, पण गाण्यात एकदाच. बी फ्लॅट, म्हणजे कोमल नी-रे-म, हीही सीकडे जाते, तिची ओढ कमी आणि ऐट जास्त.

तुमचं ध्रुवपद सीवर सुरू होत नसेल तर दारही बदलेल.

समजा ते ए मायनरवर सुरू होतं, ६-४-१-५ असं. मग दारात ई मेजर ठेवा, ई मायनर नव्हे. ई मेजरमध्ये प आणि ध यांच्यामधली काळी पट्टी असते. ती अर्धा स्वर चढून धला मिळते आणि ए मायनर घरासारखी वाटायला लागते. एक सांभाळा: त्या क्षणी गळ्यात शुद्ध प असेल तर काळ्या पट्टीशी टक्कर होईल आणि गाणारा बेसूर वाटेल, चूक त्याची नसताना. चाल तिथं नी किंवा गवर न्या.

समजा ध्रुवपद एफवर सुरू होतं. मग दारात सी सेव्हन, म्हणजे सीमध्ये कोमल नी. तो उतरून एफमधल्या धवर बसतो. अशा गाण्यात सगळा हिशोबच उलटतो, बरं का. ध्रुवपदच घराबाहेर उघडत असेल तर कडव्यानं खुशाल घरात बसावं. सीवर मजेत वेळ काढावा, आणि ध्रुवपदानं दार उघडून बाहेर पडावं. "कडव्यात सी टाळा" हा नियम म्हणून घोकू नका. ध्रुवपद जे देणार आहे तेवढंच टाळायचं.

दार तपासायची माझी पद्धत अशी. कडव्याचे शेवटचे दोन बार (एक बार म्हणजे चार मात्रा) आणि ध्रुवपदाचे पहिले दोन, एवढाच तुकडा दहा-बारा वेळा वाजवायचा. बाकी काही नाही. मग एकदा कडव्याच्या शेवटच्या कॉर्डवर थांबून हात तारांवर ठेवायचा. शेजारी बसलेल्या माणसाच्या तोंडून पुढचा सूर आपोआप निघाला, किंवा त्यानं नुसतं "वाजव की पुढे" म्हटलं, तरी दार बसलं.

सुरुवात: पहिली कॉर्ड

इथं फार वेळ घालवू नका. ध्रुवपदाची जी पहिली कॉर्ड ती कडव्याची पहिली नको, एवढं पुष्कळ. आपल्याकडे सी बाद, जी दारात लागणार म्हणून बाद. उरल्या ए मायनर, एफ, डी मायनर, ई मायनर. नवख्यानं ६ किंवा ४ घ्यावी. ६ घेतली तर कडव्यावर हलकी सावली पडते, ४ घेतली तर वाक्य मधूनच सुरू झाल्यासारखं वाटतं.

आपण ए मायनर घेऊ. तिचा आणखी एक फायदा आहे, तो दुसऱ्या कडव्यापाशी सांगतो.

मधलं: स्वर एक, कॉर्ड चार

आपल्या कडव्याचे शब्द:

पायरीवर तुझी चप्पल
कोपऱ्यात तुझी छत्री
विचारतात दोघी मला
कधी येणार आहेस

चाल मुद्दाम खाली ठेवली आहे, ध्रुवपदाच्या वरच्या सापासून लांब. पहिली ओळ जवळजवळ पूर्ण गवर बोलल्यासारखी, दुसरी रेवर टेकते, तिसरी मवर, चौथी पुन्हा रेवर.

आता गिटार घ्या आणि फक्त पहिली ओळ गवर म्हणत राहा. सूर अजिबात बदलू नका. खाली सी वाजवा. काय ऐकू येतं? चप्पल पायरीवर आहे, माणूस आत असेल, चहा पीत असेल. आता तीच ओळ ए मायनरवर. चप्पल आहे, माणूस नाही. ई मायनरवर म्हणा: काहीतरी चुकलंय हे जाणवतं, पण काय ते अजून उमगलेलं नाही. आणि एफवर म्हटली तर? एफमध्ये ग नाहीच. गाणाऱ्याचा ग वरून येऊन बसतो आणि एफ मेजर सेव्हन तयार होते. जुना फोटो बघितल्यासारखं धूसर.

शब्द तेच, सूर तोच. फक्त खालची जमीन बदलली. कडव्याच्या मधल्या कॉर्ड निवडायच्या म्हणजे एवढंच करायचं: ओळीतला जो स्वर ठाशीव मात्रेवर पडतो तो ज्या ज्या कॉर्डमध्ये आहे त्या सगळ्या एकेक करून वाजवायच्या आणि शब्दांना कुठली शोभते ते ऐकायचं. प्रत्येक स्वर वरच्या सहापैकी दोन-तीन कॉर्डमध्ये असतोच. ग हा १, ३, ६ मध्ये. रे हा २ आणि ५ मध्ये. म हा २ आणि ४ मध्ये. म्हणजे दर ओळीला निवड दोन-तीन कॉर्डमधली, अथांग काही नाही. ठाशीव मात्रेवर नसलेल्या स्वरांची काळजी करू नका, ते जाता जाता वाजून जातात.

या हिशोबानं दुसऱ्या ओळीच्या रेला डी मायनर किंवा जी. जी राखून ठेवलीय, म्हणून डी मायनर. तिसऱ्या ओळीच्या मला डी मायनर किंवा एफ. डी मायनर नुकतीच झाली, म्हणून एफ. दोघींचे दोन स्वर सारखे असल्यामुळे बदल जाणवतो पण दचकवत नाही. चप्पल आणि छत्री बोलायला लागतात त्या जागी अंधार किंचित उजळतो, तेही बरंच झालं. चौथ्या ओळीचा रे जीवर, म्हणजे दारात.

कडवं झालं: ए मायनर-डी मायनर-एफ-जी. आकड्यांत ६-२-४-५. जीमध्ये वाजवणाऱ्यांना ई मायनर-ए मायनर-सी-डी. चारांतल्या तीन कॉर्ड ध्रुवपदातही आहेत, म्हणून दोन्ही एकाच गाण्याचे भाग वाटतात. नवीन फक्त डी मायनर. आणि सी एकदाही नाही. माझ्या त्या नऊ कॉर्डच्या कडव्यात नेमका इथंच गोंधळ होता: नवीन सगळंच होतं आणि सी दर तिसऱ्या बारला येऊन जात होती.

चालीमुळे कडव्यात सी घ्यावीच लागली तर ती पूर्ण देऊ नका. मंद्रात साऐवजी ग ठेवा. गिटारवर फार सोपं आहे: सी धरायची आणि एरवी टाळतो ती सहावी तार मोकळी वाजू द्यायची. खाली ई म्हणजे ग येतो, आणि सी घरी पोचल्यासारखी न वाटता खिडकीतून डोकावल्यासारखी वाटते.

कॉर्ड किती वेळ धरायची

कॉर्ड कुठली यापेक्षा ती किती वेळ टिकते याचा फरक ऐकणाऱ्याला आधी कळतो, असं माझं मत आहे. ज्याला मेजर-मायनर माहीत नाही त्यालाही "इथं गाणं पळायला लागलं" हे बरोबर समजतं.

आपलं ध्रुवपद चार बारांत चार कॉर्ड फिरवतं. लय मिनिटाला ९६ मात्रांची धरली तर एक बार अडीच सेकंदांचा, आणि पूर्ण फेरी दहा सेकंदांत. कडव्यात प्रत्येक कॉर्ड दोन बार धरा, दर ओळीला एक. तेवढ्याच चार कॉर्डना आता वीस सेकंद लागतील. ए मायनरवर आठ मात्रा थांबायला सुरुवातीला कंटाळा येईल, बोटं पुढच्या कॉर्डकडे धावतील. थांबा. कडव्यात ऐकणाऱ्याला शब्द ऐकायचे असतात. ध्रुवपदात कॉर्ड दुप्पट वेगानं बदलायला लागल्या की लय न वाढवता गाणं उचललं जातं.

चौथ्या ओळीत मात्र मी थोडी लबाडी करतो. तिचे दोन बार पूर्ण जीला न देता पहिला एफवरच काढतो आणि "आहेस"ला जी घेतो. म्हणजे एफ तीन बार, जी एक. दार उशिरा उघडतं. तुमच्या कानाला ते ताणल्यासारखं वाटलं तर आधीचंच ठेवा.

उलटंही करता येतं. ध्रुवपद लांब लांब सुरांचं असेल, दोन-दोन बार एकच कॉर्ड, तर कडव्यात दर दोन मात्रांना कॉर्ड बदलून लगबग करा. फरक हवा, दिशा कुठलीही चालेल.

त्याच चार कॉर्ड ठेवायच्या असतील तर

ठेवा की. एकाच चार कॉर्डवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालणारी उत्तम गाणी ढिगानं आहेत. फक्त कॉर्ड जो फरक करणार होत्या तो दुसऱ्या कुणीतरी करायला हवा. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फेरी वेगळ्या जागेपासून सुरू करणं. सी-जी-ए मायनर-एफ हीच साखळी ए मायनरपासून धरली की ए मायनर-एफ-सी-जी होते. कॉर्ड त्याच, क्रमही तोच, पण ओळी आता सावलीतून सुरू होतात आणि जीवर संपतात, म्हणजे दारही आयतं मिळालं. नवख्याला एकच युक्ती शिकवायची असेल तर मी हीच शिकवीन. पण आपल्या गाण्याला ती तितकीशी लागू होत नाही: सी मध्येच तिसऱ्या जागी येऊन जाते आणि राखून ठेवायचं ते आधीच दिसतं.

दुसरा उपाय वाजवण्यातला. कडव्यात उजव्या हाताचा तळवा तारांवर टेकवून दबकं वाजवा, किंवा एकेक तार छेडा, आणि ध्रुवपदात सहाही तारा मोकळ्या सोडा. कीबोर्डवर असाल तर कडव्यात डावा हात गप्प ठेवा. मंद्र नाहीसं झालं की तीच कॉर्ड अर्धी वाटते, आणि ध्रुवपदाला ते परत आलं की खोली भरते.

कडवं समेनंतर सुरू करणं हाही एक मार्ग. "पायरीवर" दुसऱ्या मात्रेवर उचला. ध्रुवपदाचा "परत" समेआधी धावून येतो, तर कडवं सम जाऊ देऊन मग बोलतं.

मीठ

यापुढच्या गोष्टी चिमटीनं घ्यायच्या.

कडवं सी मायनरमध्ये आणि ध्रुवपद सी मेजरमध्ये: परिणाम जबरदस्त, पडदा सरकल्यासारखा. दोन्हीकडे दारात जी मेजरच चालते, म्हणून वाजवायला अवघड नाही. गायला आहे. कडव्यात कोमल ग आणि ध्रुवपदात शुद्ध ग लावायचा असतो, आणि कच्चा गळा दोन्हींच्या मधेच कुठंतरी लटकतो. आधी हार्मोनियमवर ग घोटून घ्या.

पूर्ण कडवंभर मंद्रात एकच प धरून वर कॉर्ड बदलत राहणं: ओढ सतत राहते, ध्रुवपदाला खाली सा आला की सुटका. बास वाजवणारा सोबत असेल तर त्याला एवढंच सांगा, त्याला कळेल.

कडवं आणि ध्रुवपद यांच्यामध्ये दोन-चार बारांचा पूल टाकणं: दार कितीही घासलं तरी बसत नसेल तेव्हाच. पूल डी मायनर-एफ-जी असा चढता ठेवा. बसणाऱ्या दारापुढे पूल टाकला तर ऐकणारा नुसता ताटकळतो.

पट्टीच बदलून कडवं वेगळ्या स्केलमध्ये नेणं पहिल्या पाच गाण्यांत तरी नको. जायला सोपं असतं, परत यायला नसतं.

दुसरं कडवं

पहिल्या कडव्यापर्यंत सगळेच पोचतात. खरी परीक्षा ध्रुवपदावरून परत कडव्यात उतरताना होते. आपलं ध्रुवपद एफवर संपतं आणि कडवं ए मायनरवर सुरू होतं. दोघींमध्ये ध आणि सा सामाईक आहेत. फक्त म सरकून गवर येतो, अर्धा स्वर. "जळतो आहे"चा म विझत असतानाच "पायरीवर"चा ग सुरू होतो. ए मायनर घेतल्याचा दुसरा फायदा म्हणालो तो हा. डी मायनर घेतली असती तरी काम झालं असतं, पण हा विझता म मग तिथंच अडकून राहिला असता.

तुमच्या गाण्यात हा उतार खडबडीत लागला तर कडव्याची पहिली कॉर्ड बदलायच्या आधी ध्रुवपदाच्या शेवटी एक बार मोकळा सोडून बघा, कॉर्ड नुसती घुमू द्या. बऱ्याचदा कॉर्ड बरोबर असते आणि श्वासाला जागा नसते.

दुसऱ्या कडव्याच्या कॉर्ड शक्यतो त्याच ठेवा. बदल हवाच असेल तर एकच: तिसऱ्या ओळीतल्या एफचा दुसरा बार एफ मायनर करा. त्यात मही आहे, त्यामुळे चाल हलत नाही. नवा येतो तो फक्त कोमल ध. या गाण्यात दुसऱ्या कडव्याची तिसरी ओळ मी अजून लिहिलेली नाही, पण तिथं एफ मायनर येणार हे ठरलंय. आता तिच्याजोगे शब्द शोधतोय.